सगळ्याला ‘हो’

“आय, वसईचं घर विकायचं ना आपण?”

“हो.”

“तुझ्या वतीनं मी सह्या करू ना?”

“हो, हो.”

“बघा मॅडम,” मुलगा माझ्याकडे वळला. “तुमच्यासमोर बोलली. आता पेपर बनवा.”

मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये मी बसले होते. समोर चाकाच्या खुर्चीत त्याची आई, सत्तरीला टेकलेली. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, ओठांचा एक कोपरा खाली ओघळलेला, केस मात्र कुणीतरी नीट विंचरून मागे बांधलेले. नवरा गेल्यावर ती वसईहून मुलाकडे मस्कतला आली होती आणि इथंच तिला अर्धांगाचा झटका आला, त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगा हॉटेलात चांगल्या हुद्द्यावर होता. त्याचं म्हणणं साधं होतं. घर आईच्या नावावर, आई मस्कतमध्ये, आणि तिकडे बिल्डर घाई करतोय. तेव्हा आईनं मुलाला कुलमुखत्यारपत्र द्यावं, म्हणजे तिच्या वतीनं घर विकायचा अधिकार द्यावा, आणि तो कागद मी लिहावा.

असे कागद लिहिणं हाच त्या वेळी माझा धंदा होता. ठाण्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली करून, लग्न होऊन मी नव्वदच्या सुमारास ओमानला आले. मला तिथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं. मस्कतच्याच रुवी भागातल्या एका ओमानी वकिलाच्या कचेरीत मी सल्लागार म्हणून लागले. इंग्रजी करार तपासायचे, आणि आपल्याकडची माणसं आली की त्यांचं म्हणणं मराठी-हिंदीत ऐकून घ्यायचं. “कोर्टात जात नाही तर वकीलबाई कसल्या?” असं ओळखीतले लोक मला तोंडावर म्हणत. गावाकडच्या जमिनी, घरं, भावकीतली भांडणं यांचे कागद मी लिहीत असे आणि भारतीय दूतावासात त्यांचं साक्षांकन होऊन ते भारतात जात. त्यावर उमटणारे बरेचसे अंगठे म्हाताऱ्या माणसांचे असत.

सून चहा घेऊन आली. मी म्हातारीला विचारलं, “मावशी, साखर घालू?”

“हो.”

“अहो, नको!” सून घाईनं म्हणाली. “शुगर आहे त्यांना. त्या सगळ्यालाच हो म्हणतात. तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांचा. परवा मी गमतीनं म्हटलं, मम्मी, चंद्रावर जायचं का? तर हो म्हणाल्या.”

ती हसली. मुलगाही हसला, आणि मध्येच थांबला. मी पेनचं टोपण लावलं.

म्हातारीपुढे खुर्ची ओढून मी म्हटलं, “मावशी, आज सकाळी तुम्ही चालत वसईला जाऊन आलात का?”

“हो,” ती म्हणाली. लगेच तिनं डोळे घट्ट मिटले. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटली. “हो! हो! हो!”

मी काय विचारलं ते तिला कळलं होतं. आपल्या तोंडून काय बाहेर पडलं, तेही कळलं होतं. दुसरा शब्द काढायला ती जिवाच्या आकांतानं झगडत होती आणि पुन्हा पुन्हा तोच निघत होता.

“तुम्हाला घरात सगळ्यांना माहीत आहे,” मी मुलाला म्हटलं. “ही सगळ्याला हो म्हणते हे माहीत आहे, आणि तरी घर विकायला तिचा हो चालतो?”

“मॅडम, ती पहिल्यापासून तशीच आहे.” तो अगदी मनापासून सांगत होता. “पप्पा म्हणतील त्याला हो. आम्ही मागू त्याला हो. आयनं कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाय.”

हा त्याचा पुरावा होता! आयुष्यभर कुणाला मोडता घातला नाही, म्हणून आता विचारायचीही गरज नाही. पण तो लबाड नव्हता. आईला त्यानं वाऱ्यावर सोडलं नव्हतं, औषधपाणी वेळेवर होत होतं. लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं. हा चांगला मुलगा होता आणि सगळी वसई त्याच्या चांगुलपणाची साक्षीदार होती.

“त्या घरात आता कोण राहतं?”

“बहीण. माझ्याहून लहान. पोलिओ आहे तिला, लग्न नाय झालं. शिवणकाम करते घरी.”

“घर विकल्यावर ती कुठे जाईल?”

“चर्चच्या सिस्टर लोकांचा आश्रम आहे ना. मी बोलून ठेवलंय.”

“तिला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं, मॅडम? तिला व्यवहार कळत नाय.”

म्हणजे एका घरातून दोन बायका उठवायच्या होत्या. एकीला बोलता येत नव्हतं, दुसरीला नीट चालता येत नव्हतं. बोलणारी-चालणारी माणसं त्यांच्या वतीनं सगळं ठरवून मोकळी झाली होती आणि माझ्याकडून फक्त टंकलेखन हवं होतं.

मी कागद लिहायचं नाकारलं तेव्हा त्यानं डॉक्टरची चिठ्ठी आणली. पेशंट शुद्धीवर आहे, प्रश्नांना उत्तरं देते, असं एका खासगी दवाखान्यातल्या आपल्याकडच्याच डॉक्टरनं लिहून दिलं होतं. मी दवाखान्यात जाऊन त्याला भेटले.

“तुम्ही त्यांना काय काय विचारलंत?”

“नेहमीचंच. हे तुमचंच नाव ना? बरं वाटतंय ना? मुलावर विश्वास आहे ना?”

“ज्याचं उत्तर ‘नाही’ यायला हवं, असा एखादा प्रश्न विचारलात?”

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “असा प्रश्न मी का विचारीन? हे पाहा मॅडम, शी इज व्हेरी कोऑपरेटिव्ह. इतके पेशंट त्रास देतात, ही बाई कधी त्रास देत नाही.”

कोऑपरेटिव्ह! नंतरच्या वर्षांत हा शब्द मी किती दवाखान्यांत ऐकला. अंथरुणाला खिळलेलं माणूस निमूट पडून राहिलं की ते कोऑपरेटिव्ह, आणि नळी उपसून टाकली की त्याचं डोकं फिरलेलं. दोन्हीकडे त्याला काय हवं होतं, हे कुणी विचारलेलं नसतं.

कचेरीत येऊन मी माझ्या वरिष्ठांपुढे धुसफुसले. ते ओमानी गृहस्थ झांझिबारात वाढलेले, तरुणपणी मुंबईत शिकलेले, हिंदी झकास बोलायचे आणि मला ‘उस्ताझा’ म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “उस्ताझा, त्या कागदावर अधिकार देणारी म्हणून नाव कुणाचं?”

“आईचं.”

“मग तुझा अशील कोण?”

“आई.”

“मग मुलाला नाही म्हणून परत काय आलीस? अशिलाला काय हवंय ते विचार. तिला बोलता येत नसेल तर तिचं बोलणं शोधून काढ. हे काम वकिलाचं नाही असं तुला कुणी सांगितलं?”

मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि करावं असंही कुणी सांगितलं नव्हतं. कायद्याच्या कॉलेजात आम्ही संमतीवर पानंच्या पानं पाठ केली. फसवून घेतलेली संमती, धाक दाखवून घेतलेली संमती. ज्या माणसाची जीभच त्याच्या मनाविरुद्ध संमती देते, त्याचं काय करायचं, यावर एक ओळ नव्हती.

चौकशी करता करता मला एक स्पीच थेरपिस्ट मिळाली. कर्नाटकातली, पण मराठी बोलणारी, तिशीची, एका हॉस्पिटलात नोकरी करणारी. सुट्टीच्या दिवशी यायला ती तयार झाली. पण घरात पाऊल टाकायला परवानगी लागणार होती. मी सुनेला फोन केला. ती ऑफिसात सेक्रेटरी होती. घरी आली की सासूचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, हे सगळं तीच करायची. केस विंचरणारी तीच.

“नवऱ्याला विचारून सांगता का?” मी विचारलं.

ती म्हणाली, “मॅडम, मम्मींना इथं ठेवायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? तुम्ही या. दार मी उघडते.”

थेरपिस्टनं आल्या आल्या सांगितलं, “हो-नाहीचे प्रश्न आजपासून बंद. हा शब्द त्या बोलत नाहीत, तो निघतो. मेंदूतली शब्द काढून देणारी जागा गेली आहे, पण समज बरीच शिल्लक दिसते. आपण त्यांना निवडायला देऊ.”

तिनं टेबलावर कंगवा, चमचा आणि पेला ठेवला. “मावशी, जेवायला काय घेता?” म्हातारीचा डावा हात चमच्यावर पडला. वस्तूंच्या जागा बदलल्या, पुन्हा विचारलं. हात पुन्हा बरोबर गेला. कंगव्यावर, पेल्यावर, चमच्यावर. एकदाही चुकला नाही. सून तोंडावर हात ठेवून बघत उभी होती.

मग थेरपिस्टच्या सांगण्यावरून सुनेनं एका बाजूला दुधाचा चहा आणि एका बाजूला पेजेची वाटी ठेवली. म्हातारीनं चहाचा कप हातानं दूर ढकलला. कप बशीतून निसटून चहा टेबलावर सांडला. तिनं पेजेची वाटी जवळ ओढली.

“अगं बाई,” सून म्हणाली. “वर्षभर रोज सकाळी मी विचारते, मम्मी, चहा देऊ? आणि त्या हो म्हणतात आणि मी पाजते.”

वर्षभर! नको असलेला चहा तोंडात ओतला जातोय आणि आपलंच तोंड त्याला रुकार देतंय. मला वाटतं, घराच्या कागदापेक्षा त्या चहानं माझं डोकं जास्त फिरवलं. घर विकायचा कट असतो, त्यात कुणाचा तरी स्वार्थ असतो. चहात कुणाचा काय स्वार्थ होता? फक्त एवढंच, की उत्तर मिळाल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मुलगा घरी असताना मी गेले. घडलेलं त्याला सुनेनं सांगितलं होतं. तो ताणलेला दिसत होता, पण अदबीनं वागला.

“तुमच्या बहिणीला फोन लावा,” मी म्हटलं. “आईला तिच्याशी बोलू द्या.”

“आय कुठे बोलते, मॅडम?”

“झटका आल्यापासून दोघी फोनवर आल्याच नाहीत?”

“उपयोग काय? मी करतो ना फोन तिला. आय बरी आहे म्हणून सांगतो.”

त्या मुलीनं वर्षभर आईचा आवाज ऐकला नव्हता. आई बोलू शकत नाही म्हणून तिला ऐकूही येत नाही, असं जणू गृहीतच धरलं होतं. मी काही बोलण्याआधी सुनेनंच नंबर फिरवला आणि फोनचा स्पीकर सुरू केला.

“कोण, दादा? आय कशी आहे?” खडा, घाईचा आवाज.

“इथंच आहेत,” सून म्हणाली. “तू बोल त्यांच्याशी. मोठ्यानं बोल.”

“आय? मी बोलतेय गं.”

“होऽऽ...” म्हातारीच्या घशातून निघालेला तो हो लांबच लांब गेला आणि शेवटी चिरकला. दोघी रडल्या. मुलगी आधी सावरली आणि भराभर सांगत सुटली. विहिरीवरचा रहाट बदलला, शेजारच्या मुलाचं लग्न ठरलं, कोंबड्या मुंगसानं खाल्ल्या, चाफा नुसता फुलून गेलाय. आणि म्हातारी तिला उत्तरं देत होती! “हो?” असं चढवून विचारत होती. “हो, हो” असं हसत होती. कोंबड्यांचं ऐकून “होऽ” असं हळहळली. शब्द एकच, पण त्यात सगळ्या गप्पा मावत होत्या. आम्ही तिघं ऐकत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग मुलीनं विचारलं, “आय, दादा घर विकायचं म्हणतो. तू सांगितलंस त्याला?”

“हो! हो! हो! हो!” आखूड, खिळे ठोकल्यासारखे.

मुलगा चटकन पुढे वाकला. “ऐकलंस? हो म्हणाली.”

“दादा, तू बहिरा झालास काय?” बहीण ओरडली. “हा हो आहे? लहानपणी पायातलं लोखंडी कॅलिपर काढून मी फेकायचे ना, तेव्हा आय अशीच ओरडायची माझ्यावर. ती तुला नको म्हणतेय. आई आहे ना तुझी? तुला एवढंही कळत नाय?”

मुलानं फोन बंद केला. तो उठून खिडकीशी गेला. मग वळून मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही आमच्या घरात भांडण लावून दिलंत.”

भांडण आधीपासूनच होतं. त्यातली एक बाजू ऐकू येत नव्हती, इतकंच.

त्यानं हार मानली नाही. एका टायपिंगच्या दुकानातून त्यानं तोच कागद करून घेतला आणि दूतावासात साक्षांकनाला दिला. मला हे सुनेकडून कळलं. थेरपिस्टनं आपलं तपासणीचं मत सविस्तर लिहिलं, माझ्या वरिष्ठांनी त्यावर कचेरीचं पत्र जोडलं आणि आम्ही ते तिथं पोचवलं. तिथल्या अधिकाऱ्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्यानं ते वाचलं आणि कागद परत केला. एवढ्या प्रकरणात आपलं काम नीट केलेला तो एक परका माणूस.

मग त्यांच्या वसईकर ख्रिस्ती समाजातले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या कचेरीत आले. शुक्रवारच्या मिसानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, चार लोकांनी त्यांना पाठवलं होतं.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. पण घरातल्या गोष्टी घरात राहू द्याव्यात. सोन्यासारखा मुलगा आहे. आजकाल कोण आईला परदेशात आणून सांभाळतं? त्यानं आईला आश्रमात नाही टाकलं.”

“बहिणीला टाकतोय ना.”

“ती वेगळी गोष्ट.”

“वेगळी कशी?”

ते अडखळले. “ती... तशी आहे ना.”

“तशी म्हणजे कशी? ती शिवणकाम करते, स्वयंपाक करते, वाडी बघते, स्वतःचं पोट भरते. तुमचा सोन्यासारखा मुलगा तरी याहून वेगळं काय करतो?”

त्यांना माझा राग आला. मला त्यांचा आला होताच. निघताना ते म्हणाले, “तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही, म्हणून तुम्हाला असं बोलता येतं.” माझे सासरे त्या वेळी आमच्या सीबच्या घरात आतल्या खोलीत झोपून होते, दृष्टी गेलेली. हे त्यांना सांगायची मला इच्छा झाली नाही.

थेरपिस्टनं दोन-तीन भेटींत तिचं काम पुरं केलं. तिनं फोटो मांडले: अल् घुब्रातला फ्लॅट, वसईचं घर, आश्रमाची इमारत, हॉस्पिटल. कुठं राहायचं? दर वेळी जागा बदलून विचारलं, वेगळ्या दिवशी विचारलं. दर वेळी म्हातारीनं वसईचं घर उचललं. तिथं सोबत कोण हवं, म्हणून घरातल्यांचे फोटो मांडले, तर तिनं मुलीचा फोटो घेतला आणि छातीशी धरून ठेवला. सोडेना. शेवटी थेरपिस्ट म्हणाली, “राहू दे त्यांच्याकडे.”

मुलगा दाराच्या चौकटीत उभा राहून हे पाहत होता. आपला फोटो टेबलावर तसाच पडून राहिलेला त्यानं पाहिला. त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आईला वसईला पाठवायचं हे शेवटी सुनेनं रेटून नेलं. “त्यांना जायचंय. आता कळल्यावर मी त्यांना इथं बसवून ठेवणार नाय,” एवढंच ती रोज म्हणत राहिली. थंडीत म्हातारी सीबच्या विमानतळावरून वसईला निघाली. मुलगा बरोबर गेला. काउंटरवरच्या मुलीनं खुर्चीतल्या बाईच्या डोक्यावरून मुलाला विचारलं, “यांची काही तक्रार नाही ना?” सुनेनं मध्ये हात घालून म्हटलं, “त्यांच्याकडे बघून विचारा.”

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी रजेवर भारतात आले तेव्हा मी वसईला गेले. म्हातारी बरीच तरतरीत झाली होती. ओटीवर खुर्चीत बसून वाडीकडे बघायची. मुलगी कुबड्या घेऊन तिच्याभोवती वावरत होती. चाळिशीची, रुंद खांद्यांची, बोलायला फटकळ. तिनं मला सांगितलं की आई रोज घराच्या किल्ल्या तिच्या हातात कोंबते आणि घराकडे हात करते. आईला घर तिच्या नावानं करायचं आहे.

मी तिथल्या एका वकिलाला बोलावलं. बक्षीसपत्र करायचं ठरलं. मुलगाही सुट्टीवर आला होता. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्हीच लिहून दिलंत ना, आयच्या हो म्हणण्याला अर्थ नाय? मग बहिणीच्या नावानं घर करायला तिचा हो कसा चालेल?”

“आपण तिला हो-नाही विचारतच नाही आहोत. फोटो ठेवून, साक्षीदार बसवून...”

“फोटोवर हात ठेवला म्हणून घर देऊन टाकायचं?”

तिथल्या वकिलानंही मान हलवली. “बाई, हा मुलगा कोर्टात गेला तर हे टिकणार नाही. बोलता न येणारी बाई, एका बाजूनं लुळी. कुणीही म्हणेल मुलीनं हात धरून करून घेतलं.”

घर काढून घ्यायचं होतं तेव्हा एका ‘हो’वर भागत होतं. डॉक्टर चिठ्ठी देत होता, समाज शाबासकी देत होता. आता त्याच बाईला घर द्यायचं होतं, तर तिच्याकडे जन्माचे पुरावे मागितले जात होते. आणि मी ज्या युक्तिवादानं तिला वाचवलं, तोच तिच्या तोंडावर फेकला जात होता. ओटीवरून म्हातारी सगळं ऐकत होती. तिनं किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर आपटला. कुणी उचलला नाही. मुलगी खाली बसली आणि तिनं तो उचलला.

बक्षीसपत्र झालं नाही. घर वाचलं ते बिल्डर कंटाळला म्हणून. भाऊबहिणीचा वाद आहे म्हटल्यावर त्यानं शेजारची वाडी घेतली. न्यायानं काही केलं, असं मला म्हणता येत नाही.

मस्कतमध्ये मात्र माझ्या कामाचं स्वरूप बदलून गेलं. म्हाताऱ्या आईबापांचे, अपंग माणसांचे कागद आले की मी मुलांना बाहेर बसवू लागले. अनेक जण रागावून उठून जात. मस्कतजवळच्या बरक्यात बांधकामावरून पडून डोक्याला मार लागलेला एक कोकणातला गवंडी होता. ‘सगळा हिशेब मिळाला, खलास’ अशा मजकुरावर त्याचा अंगठा घेऊन त्याला विमानात बसवायची तयारी झाली होती. त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, आणि ठेकेदार मला सांगत होता की त्यानं कागद वाचून अंगठा दिला. त्याच थेरपिस्टला घेऊन मी हॉस्पिटलात गेले, माझ्या वरिष्ठांनी ते प्रकरण वर नेलं आणि त्याचं जाणं थांबलं, उपचार झाले. अशी प्रकरणं मग येतच राहिली, दोन हजारनंतर तर दुसरं काम करायला मला वेळच उरला नाही. ‘कोर्टात न जाणारी वकीलबाई’ हे नाव काही सुटलं नाही.

म्हातारी वसईत आणखी काही वर्षं जगली आणि स्वतःच्या खाटेवर गेली. घर दोघा भावंडांचं झालं. भावानं वाटा मागितला नाही, सोडलाही नाही. बहीण राहत होती तशी राहू लागली. लोक त्याचं कौतुक करू लागले.

मी भेटायला गेले तेव्हा ती शिलाई मशीनवर बसली होती. मशीन थांबवून म्हणाली, “सगळे म्हणतात, दादा किती चांगला, तुला राहू देतो. बाई, माझ्याच घरात राहायला मी त्याचे उपकार मानायचे? जन्मभर?”

“तुमचा निम्मा हिस्सा हक्काचा आहे,” मी म्हटलं. “वाटणी मागा.”

“मागितली तर भाऊ तुटेल.”

“तुटेल कदाचित.”

तिनं कपड्याची किनार दुमडून पुन्हा सरळ केली. “लिहा,” ती म्हणाली.

नोटीस गेल्यावर त्याचा मला मस्कतमध्ये फोन आला. आवाज चिरका झाला होता. “मी तिला कधी घराबाहेर काढलं होतं का? मग वकिलाची नोटीस कशाला?”

“कारण ती तिथं तुमच्या मर्जीवर राहत नाही, हे कागदावर यायला हवं.”

त्यानं फोन आपटला. एक पूर्ण वर्ष तो बहिणीशी बोलला नाही. मग सही झाली. मला वाटतं, या वेळीही सूनच बोलली असावी. विहिरीकडची बाजू आणि पुढची ओटी बहिणीच्या वाट्याला आली.

तिनं पहिलं काम काय केलं, तर ओटीचा शिसवी उंबरा काढून टाकला आणि पायऱ्या फोडून सिमेंटचा उतार करून घेतला. मी गेले तेव्हा सिमेंट अजून ओलं होतं. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून हळहळत होती, “एवढा जुना, चांगला उंबरा. काय अडत होतं त्याचं?”

“तुझं नव्हतं अडत,” ती म्हणाली. “मी जन्मभर हातांवर सरकत ओलांडला तो. तेव्हा कुणाला हळहळ वाटली नाय.”